चारशे बैल, पंचावन्न टन आणि कुरुंद्याची पाणंद

१/
उन्हाळा लागला की हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा परिसरात पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद कट्ट्यांत भरली जाते आणि वसमतच्या मोंढ्याकडे किंवा हिंगोलीच्या हळद यार्डाकडे निघते. त्याआधी हिवाळाभर याच रस्त्यांनी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर धावत असतात. एखादी गाडी चिखलात रुतली की दुसरी गाडी दोर लावून तिला बाहेर काढते. या क्रियेला सारा मुलूख ‘टोचन’ म्हणतो.

२/
टोचन पाहणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे ओढणाऱ्या गाडीकडे असते: इंजिन केवढे, ताकद किती. दख्खनमध्ये अवजड भार ओढण्याचा पाचशे वर्षांचा इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. ताकद येथे क्वचितच कमी पडली. कमी पडली ती वाट. आणि वाटेच्या अभावाची किंमत बहुतेक वेळा ज्यांनी मोजली, त्यांचा त्या भाराशी काही संबंध नव्हता. हा थ्रेड त्याविषयी.

३/
प्रारंभ एका तोफेपासून. १५४९ मध्ये अहमदनगरला, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, मुहम्मद बिन हुसेन रूमी या ओतकाऱ्याने एक प्रचंड तोफ ओतली. तिला आपण ‘मुलूखमैदान’ या नावाने ओळखतो; मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणभूमीचा स्वामी. लांबी सुमारे साडेचार मीटर, तोंडाचा बाह्य व्यास दीड मीटरच्या आसपास, नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. तोफेच्या तोंडाला श्वापदाच्या जबड्याचा आकार दिलेला असून त्या जबड्यात हत्ती चिरडला जाताना दाखविला आहे. वजन साधारण ५५ टन मानले जाते.

४/
ही तोफ आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. ती अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती परांड्याहून विजापूरला आणली. अहमदनगर ते परांडा हे अंतर सरळ रेषेत शंभराहून अधिक किलोमीटर. परांडा ते विजापूर आणखी सुमारे १६०. वाटेत भीमेचे पात्र, आणि दोन्ही काठांना पावसाळ्यात चाक गिळणारी काळी जमीन.

५/
ती ओढण्यासाठी चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरा सांगते. तिच्या जोडीची दुसरी एक मोठी तोफ नदी ओलांडताना पाण्यात गेली, अशीही कथा आहे. असे आकडे ऐकले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रथम साशंक व्हावे, हे योग्यच. ‘चारशे’ हा आकडा लोककथेला शोभण्याइतका गोल आहे. तेव्हा तो हिशेबाने तपासून पाहू.

६/
कोणतेही चाक फिरवताना जमीन त्याला विरोध करते. पक्क्या डांबरी सडकेवर रबरी टायर असेल तर हा विरोध एकूण भाराच्या एक ते दोन टक्के असतो. मऊ मातीत, चाक रुतू लागले की, तो पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत सहज जातो. म्हणजे ५५ टनांची तोफ मऊ जमिनीवरून नुसती हलती ठेवायला सुमारे दहा-अकरा टनांची ओढ हवी. गाड्याचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही.

चांगला बैल दीर्घकाळ ओढू शकतो ते आपल्या वजनाच्या साधारण दहा ते बारा टक्के, म्हणजे ४० ते ५० किलो. चारशे बैलांची कागदावरची ओढ झाली सुमारे १८ टन. पण जोड्यांची रांग लांबली की सगळे बैल एका क्षणी जोर लावत नाहीत. कुणाची दोरी सैल, कुणाचे जू वाकडे. एक तृतीयांशाहून अधिक ओढ अशी वाया गेली असे धरले, तर उरतात अकरा टन.

७/
हा अंदाजी हिशेब आहे, पुरावा नव्हे. तरीही परंपरेतला आकडा हास्यास्पद नाही, एवढे यातून नक्की दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हीच तोफ आजच्या सपाट डांबरी सडकेवर रबरी चाकांच्या गाड्यावर ठेवली, तर ती हलती ठेवायला टनभराहून कमी ओढ पुरेल. तोफ तीच, बैल तेच. चारशेपैकी साडेतीनशेहून अधिक बैल तोफ ओढत नव्हते. ते चिखल ओढत होते.

८/
याच मुरार जगदेवाचे नाव वजनाच्या आणखी एका कथेत येते. १६३३ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, नागरगाव येथे त्याने तुलादान केले. त्यावरून गावाला तुळापूर हे नाव मिळाले, असे सांगतात. तेव्हा हत्तीची तुला कशी करावी हा प्रश्न पडला आणि शहाजीराजांनी तोड सुचविली: हत्तीला नावेत चढवायचे, पाणी नावेच्या कडेला कुठवर आले तेथे खूण करायची, मग हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नावेत दगड भरायचे आणि ते दगड तोलायचे. कथेतील शहाजीराजांचा वाटा खरा की नंतर जोडलेला, हा वाद वेगळा. नदी ही तराजू होऊ शकते हे ज्या पिढीला ठाऊक होते, तिलाच नदी ही सर्वांत मोठी अडसर होती, ही गंमत मात्र लक्षात ठेवण्याजोगी.

९/
मोगलांकडे संपत्ती अधिक होती. पण अडचण तीच. औरंगजेबाच्या लवाजम्यासोबत १६६० च्या दशकात दिल्लीहून काश्मीरकडे प्रवास केलेल्या फ्रेंच वैद्य बर्नियेने मोठ्या तोफखान्याचे वर्णन केले आहे. काही तोफांना बैलांच्या वीस-वीस जोड्या लागत, आणि चढ किंवा खडबडीत वाट आली की हत्ती डोक्याने व सोंडेने चाके पुढे रेटीत, असे तो लिहितो.

या तपशिलात मोठे शहाणपण आहे. बैल पुढून ओढतो, हत्ती मागून ढकलतो. रुतलेले चाक नुसते ओढल्याने निघत नाही. त्याला नेमक्या जागी रेटा द्यावा लागतो. ट्रॉली फसली की आजही चार माणसे खांदा लावतात ते चाकालाच.

१०/
आता अवघड प्रश्न. हे बैल कुणाचे होते?

सरकारी तोफखान्याचे स्वतःचे बैल असत, पण ते पुरे पडत नसत. वाटेवरच्या गावांतून बैल, गाडे आणि माणसे धरून आणण्याची पद्धत दख्खनच्या जवळजवळ प्रत्येक राजवटीत होती. तिचे नाव वेठ किंवा वेठबिगार. नांगरटीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत फौज गावावरून गेली की कुणब्याचे बैल जात. परत आले तर खांदे सोलवटलेले येत. बैल गेला म्हणजे केवळ जनावर गेले असे नव्हे, त्या वर्षाचा हंगाम गेला.

माणसांतही हे ओझे समान वाटलेले नव्हते. सरकारी सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचविणे हे महारांचे वतनी कर्तव्य मानले जाई. त्याला दिवसरात्रीचे बंधन नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबविण्याची हीच व्यवस्था त्यांच्यासमोर होती.

११/
दगडासारखा अवजड माल वाहणाऱ्यांचा एक समाजच महाराष्ट्रात होता आणि आहे. वडारांपैकी ‘गाडीवडार’ ही शाखा आपल्या गाड्यावरून ओळखली गेली. तो गाडा ठेंगणा, भरीव लाकडी चाकांचा. दगड उंच उचलावा लागू नये म्हणून गाडाच जमिनीलगत ठेवण्याची ही युक्ती होती. मंदिरांच्या, किल्ल्यांच्या आणि धरणांच्या इतिहासात राजांची नावे असतात. तो दगड खाणीतून बांधकामापर्यंत आणणाऱ्या गाड्याची लांबी-रुंदी क्वचितच कुणी नोंदविली.

१२/
चाकांना वाट नव्हती तेथे दख्खनने चाकच टाळले. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ गाड्यांवर नव्हे, बैलांच्या पाठीवर लादून नेत. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. हिंगोली जिल्ह्यात आज बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे, आणि फौजांना रसद पुरविणाऱ्या या व्यापाराची आठवण तांड्यांच्या बोलीत व गीतांत टिकून आहे.

१३/
पाठीवरच्या ओझ्याचा हिशेब मात्र निर्दय असतो. एक बैल पाठीवर सुमारे शंभर-सव्वाशे किलो वाहतो. म्हणजे जोडीचे झाले अडीच क्विंटल. तीच जोडी चांगल्या सडकेवर गाडीला जुंपली तर आठ-दहा क्विंटल सहज ओढते. तिप्पट-चौपट माल, तेवढ्याच कडब्यावर. तरीही शतकानुशतके लोकांनी पाठ निवडली, कारण पाठीवरच्या बैलाला पायवाट पुरते, गाडीला सडक लागते.

१४/
शिवाजी महाराजांनी अवजड तोफखान्यावर भिस्त ठेवली नाही. घाटवाटांच्या मुलखात वेग हेच शस्त्र होते, आणि वेगाशी पंचावन्न टनांचे वैर असते. पुढे मराठ्यांचे युद्ध मैदानात उतरले तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला निजामाचा पराभव झाला. त्यात इब्राहीमखान गारद्याच्या तोफांचा वाटा मोठा होता. मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. कुरुंद्याहून फार दूर नाही. फौज दिल्लीला पोहोचेपर्यंत जुलै अखेर आली. सरासरी काढली तर दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास.

१५/
या संथपणाला कारणे अनेक: पैशांची चणचण, यात्रेकरूंचा आणि बाजारबुणग्यांचा गोतावळा, मध्येच गाठलेला पावसाळा. पण तोफा हे त्यातले न टाळता येणारे कारण होते. घोडदळ नदी पोहून जाते. तोफ जात नाही. यमुनेला पूर आला आणि नावांची सोय होईना, तेव्हा भाऊंची योजनाच बदलली. पानिपताची चर्चा १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाभोवती फिरते. त्याआधीच्या दहा महिन्यांत प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक चढावर जो वेळ गेला, त्याकडे फारसे कुणी पाहत नाही.

१६/
उलट बाजूचे उदाहरण असईचे. २३ सप्टेंबर १८०३. ठिकाण पुन्हा आजचा जालना जिल्हा. शिंदे-भोसल्यांच्या बाजूला सुमारे शंभर तोफा आणि त्या उत्तम हाताळणारे गोलंदाज. वेलस्लीने कैलना नदी ओलांडून बगलेवर चाल केली, तेव्हा पोलमनच्या कवायती पलटणींनी तोफांसह आपली फळीच काटकोनात वळविली. एवढ्या अवजड सामग्रीचे इतक्या चपळाईने तोंड फिरविणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यांच्या माऱ्यात इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मेले. तोफा धड होत्या, गोळे होते, पण पुढे नेणारे कुणी नव्हते. अखेर वेलस्लीला तोफा मागे टाकून संगिनींवर चाल करावी लागली. असई म्हटले की इंग्रज पायदळाच्या शौर्याचे गोडवे गायिले जातात. त्या शौर्याची वेळ आली ती बैल पडले म्हणून.

वेलस्ली हे विसरला नाही. चांगल्या, नीट हाकलेल्या आणि नीट जोपासलेल्या बैलांवाचून सैन्य वेगाने हलूच शकत नाही, असे त्याने आवर्जून लिहून ठेवले. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल त्याला किती प्रिय होते, हे त्याच्या पत्रव्यवहारात जागोजागी दिसते.

१७/
आता मुलूखमैदानकडे पुन्हा एकदा. १८२३ मध्ये मुंबई सरकारच्या मनात आले की विजापूरच्या मोठ्या तोफा इंग्लंडच्या राजाला नजर कराव्यात. पाहणीसाठी एक इंजिनिअर आला. तोफ हलविण्याची साधने आणि किनाऱ्यापर्यंतच्या वाटांची अवस्था पाहता बेत सोडून द्यावा लागला. दोनशे वर्षांपूर्वी आदिलशाही सरदाराने जे साधले, ते हिंदुस्थान जिंकलेल्या सत्तेला जमले नाही. किंवा तेवढी वेठ धरण्याची किंमत तिला परवडली नाही.

१८५४ मध्ये तर निरुपयोगी सामान म्हणून तोफेचा लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. ती नगण्य वाटल्याने आणि लोकांची तोफेवरील श्रद्धा पाहून विक्री रद्द झाली. पंचावन्न टन मिश्रधातूला दीडशे रुपये? बोली लावणारा मूर्ख नसावा. त्याने धातूची नव्हे, तो बुरुजावरून उतरवून नेण्याच्या खर्चाची किंमत केली असावी.

१८/
वाट बदलायला लागली ती त्याच सुमारास. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला. तोवर चाकाच्या गाड्या घाटातून माणसांच्या खांद्यांवर चढवाव्या-उतरवाव्या लागत. त्याच दशकात गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सोलापूरकडील टेंभुर्णी येथे सुधारित बैलगाड्या बनविण्याचा उद्योग चालविला. जुन्या गाड्यांची चाके भरीव आणि बोजड असत. गाडीच ओढायला चार-चार जोड्या लागत. आरे, तुंबा, पाटे आणि वर लोखंडी धाव असलेली हलकी गाडी एका जोडीने ओढू लागली.

मराठी खेड्याचे ‘पारंपरिक’ चित्र म्हणून जी बैलगाडी कॅलेंडरवर दिसते, ती त्या रूपात पुष्कळ ठिकाणी दोनशे वर्षांचीही नाही, हे वाचून काहींना वाईट वाटेल.

१९/
मराठवाड्यात हा बदल उशिरा पोहोचला. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि कापसाची मोठी बाजारपेठ होती. तरी आसपासच्या गावांत पक्की सडक दुर्मीळ. हैदराबाद-मनमाड हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला आणि नांदेड, परभणी रुळांवर आले. लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक डांबरी सडकेवरील टायरपेक्षाही कितीतरी कमी विरोध सोसते. आगगाडीची खरी किमया वाफेइतकीच रुळातही आहे. परंतु स्टेशनापर्यंत कापूस आणायचा तो बैलानेच.

२०/
पुढचे टप्पे भराभर सांगता येतात. महायुद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतल्या. १९६३ मध्ये त्यांच्याच भागीदारीतून ट्रॅक्टरचा कारखाना निघाला. १९८८ मध्ये टेल्कोची टाटामोबाइल ही पिकअप आली, २००५ मध्ये टाटा एस. आज ‘छोटा हत्ती’ हे नाव कुरुंद्यातही कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तोफेची चाके रेटणारा खरा हत्ती त्या नावातून हसत असेल.

२१/
मग एक पिकअप मुलूखमैदान ओढील का? सपाट डांबरावर, योग्य गाड्यावर ठेवलेली तोफ पहिल्या गिअरमध्ये ती कदाचित हलवीलही; तेवढी ओढ तिच्या मागच्या चाकांच्या पकडीत बसते. पण वीस मीटरला एक मीटर एवढाच चढ आला तरी पावणेतीन टनांची ओढ वाढते, आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. उतार आला तर आणखी वाईट. पंचावन्न टन मागून ढकलीत येणार आणि पिकअपचे ब्रेक पिकअपपुरतेच.

ओढण्याहून थांबविणे अवघड असते. घाटात पूर्वी माणसे मागून चऱ्हाटे धरून गाडा रोखून धरीत, चाकाखाली ठोकळे सारीत. बैलांच्या चारशेच्या आकड्याची कथा झाली. मागून दोर धरलेल्या त्या ‘शेकडो माणसां’ना कथेत एकच शब्द मिळाला.

२२/
कुरुंदा परिसरातच टोकाई सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांच्या भाषेत वाहतुकीवरून टोळ्यांची नावे पडली आहेत: डोक्यावर मोळी वाहून ट्रक भरणारे ‘डोकी सेंटर’, बैलगाडीवाले ‘गाडी सेंटर’. रबरी टायरच्या बैलगाडीवर दीड-दोन टन ऊस लादला जातो. टायरने बैलाचे काम हलके केले. मग त्या सवलतीइतका ऊस वर चढविण्यात आला. खांद्यावरच्या जखमा तिथेच राहिल्या. उचल घेतलेल्या कुटुंबाला खेप कमी करणे परवडत नाही.

२३/
गळिताच्या दिवसांत डांबरी सडकेवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सुसाट जातो. त्याची परीक्षा त्याआधीच झालेली असते, उसाच्या फडापासून सडकेपर्यंतच्या पाणंदीत. तेथे ओल असली की भरलेली ट्रॉली आसापर्यंत रुतते, ट्रॅक्टरची पुढची चाके अधांतरी उचलली जातात आणि मग शेजारच्या शेतातून दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दोन ट्रॅक्टर एकापुढे एक जुंपतात, चार माणसे मागच्या चाकाला खांदा देतात, कुणीतरी चाकाखाली पाचट आणि दगड टाकतो.

२४/
राज्य शासनाने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ आणली. शासकीय भाषेत तिचा विषय शेतरस्ते मजबूत करणे हा आहे. ज्या बांधावरून रस्ता न्यायचा तो बांध कुणाचा, यावरून गावोगावी तंटे चालू आहेत. पाणंद पक्की होईपर्यंत ट्रॅक्टर रुतला की शेजाऱ्याला फोन जातो, आणि टोचन करणाऱ्याच्या डिझेलचे पैसे ऊसवाल्याच्या खिशातून जातात.